मुंबईत नवीन आहात? घराजवळच्या महापालिका दवाखान्यात पहिल्यांदा जाताना

सासूबाई चिपळूणजवळच्या गावाहून भांडुपला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा सोबत डबाभर कुळथाची पिठी होती आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांची एक पिशवी. पिठी दोन महिने पुरली. गोळ्या सोळाव्या दिवशी संपल्या.

मीही मुंबईत तशी नवीनच, लग्नानंतर आलेली. गल्लीच्या तोंडावरच्या खासगी डॉक्टरकडे नेलं. फी, रक्ततपासणी आणि महिन्याच्या गोळ्या मिळून दोन हजारांच्या वर गेले. दर महिन्याला हे परवडणारं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, सरकारी मोठ्या रुग्णालयात जा, सगळं होतं. पहाटे पाचला घर सोडलं, केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिलो, साडेअकराला डॉक्टर दिसले. त्यांनी पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाले, "आजी, या गोळ्या तुमच्या घराजवळच्या दवाखान्यात फुकट मिळतात. एवढ्या लांब कशाला आलात?"

तो दवाखाना आमच्या घरापासून सात मिनिटांवर निघाला. मी रोज भाजीला जाताना त्याच्यासमोरून जात होते आणि मला वाटायचं, तिथे फक्त लहान मुलांना डोस देतात.

दोन वर्षांत तिथल्या खूप फेऱ्या झाल्या, चुकाही झाल्या. तुम्ही त्या पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी पाट्या ओळखायला शिका

मुंबईत महापालिकेच्या आरोग्यसेवेची दारं अनेक आहेत आणि पाट्या बऱ्याचशा सारख्या दिसतात. चुकीच्या दारात उभं राहून अर्धा दिवस घालवणं हा नवख्यांचा पहिला प्रसाद.

*आपला दवाखाना.* पाटीवर पूर्ण नाव 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना' असं असतं. नोव्हेंबर २०२२ पासून हे सुरू झाले. काही महापालिकेच्या इमारतींत आहेत, काही पोर्टाकॅबिनमध्ये, म्हणजे उचलून हलवता येणाऱ्या तयार खोल्यांत. ताप, खोकला, जुलाब, बीपी, शुगर, बारीकसारीक जखमा यांसाठी हेच दार. तपासणी, औषधं मोफत, आणि १४७ प्रकारच्या रक्ताच्या वगैरे चाचण्याही मोफत.

*पॉलिक्लिनिक.* याच योजनेतला थोडा मोठा भाऊ. इथे डोळे, कान-नाक-घसा, त्वचा, दात, स्त्रीरोग, बालरोग असे तज्ज्ञ ठरलेल्या वारी बसतात. वार विचारल्याशिवाय जाऊ नका. दातांच्या वारी डोळे दाखवायला आलेले लोक मी दर वेळी पाहते.

*महापालिकेचा जुना दवाखाना.* हे अनेक वर्षांपासूनचे. कामं साधारण तीच, पण हे दिवसाच चालतात, संध्याकाळी नाही.

*आरोग्य केंद्र.* लोक याला 'हेल्थ पोस्ट' म्हणतात. बाळाचं लसीकरण, गरोदर बाईची नोंदणी, कुटुंबनियोजन, टीबीच्या गोळ्या, घरोघरची पाहणी ही इथली कामं. मला जो गैरसमज झाला होता तो यामुळेच, कारण आमच्याकडे आरोग्य केंद्र आणि दवाखाना एकाच इमारतीत आहेत, फक्त दारं वेगळी.

त्याच्या वरच्या पायरीला प्रसूतिगृहं, मग उपनगरातली रुग्णालयं (घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं अग्रवाल, वांद्र्याचं भाभा, कांदिवलीचं शताब्दी), आणि सगळ्यात वर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक, जुहूचं कूपर. जे. जे. आणि कामा महापालिकेची नाहीत, राज्य सरकारची आहेत. रुग्णाला फरक पडत नाही, पण तक्रार कुठे करायची तिथे पडतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम सुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात उचलेना, श्वास लागला, साप चावला, तर दवाखान्यात जायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात. दवाखान्यात नेलं तर तेही पुढेच पाठवतील आणि मधली वीस मिनिटं जातील.

२. घराजवळचा दवाखाना शोधा

मुंबई महापालिकेचे प्रशासकीय विभाग आहेत, इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे. भांडुप एस विभागात, घाटकोपर एन मध्ये, कुर्ला एल मध्ये, दादर पश्चिम जी उत्तर मध्ये. तुमचं अक्षर माहीत असलं की चौकशी सोपी होते. १९१६ या महापालिकेच्या क्रमांकावर विचारता येतं.

पण खरं सांगू? मोबाइलच्या नकाशावर फार विसंबू नका. पोर्टाकॅबिन हलतात, नकाशा हलत नाही. आम्हाला त्याने एकदा पाण्याच्या टाकीपाशी नेऊन सोडलं होतं. औषधाच्या दुकानदाराला विचारा, अंगणवाडीच्या ताईंना विचारा. सगळ्यात उत्तम म्हणजे आरोग्य सेविका. त्या वस्तीत घरोघरी फिरतात, दारावर खडूने नोंदी करतात, आणि कुठल्या दवाखान्यात कोणत्या वेळी गर्दी नसते हे त्यांना पाठ असतं. दाराशी आल्या की "आम्हाला काही नको" म्हणून परत पाठवू नका. मी पाठवलं होतं.

३. पिशवीत काय ठेवायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र. झेरॉक्स चालते, पण पहिल्यांदा मूळ कार्डही ठेवा.
- नेहमी जवळ असणारा चालू मोबाइल क्रमांक
- गावचे जुने कागद, असतील तेवढे. फाटके असले तरी.
- चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा. रिकाम्या असल्या तरी चालतील. "पांढरी गोल गोळी" या वर्णनाच्या शंभर गोळ्या आहेत.
- घरी बीपी किंवा शुगर मोजत असाल तर ती वही
- दोनशे पानी वही किंवा एक साधी फाइल. प्लॅस्टिकची घ्या, पावसाळ्याचे चार महिने कागदाचा लगदा होतो.
- पाण्याची बाटली, आणि शुगरचा रुग्ण असेल तर दोन बिस्किटं

रेशनकार्ड दवाखान्यात लागलं नाही. ते मोठ्या रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर लागतं, त्याबद्दल पुढे.

मुंबईचा पत्ता आधारवर नाही म्हणून घाबरू नका. सासूबाईंच्या आधारवर अजून गावचाच पत्ता आहे, कुणी परत पाठवलं नाही.

४. कोणत्या वेळी जायचं

आपला दवाखाना साधारण सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० असा दोन पाळ्यांत चालतो. तुमच्याकडच्या वेळा दारावर लावलेल्या असतात, त्याच खऱ्या माना. रोजंदारीवर काम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या माणसांना ही संध्याकाळची पाळी म्हणजे मोठाच आधार. दिवसाची मजुरी बुडवून डॉक्टर दाखवावा लागत नाही.

रक्त द्यायचं असेल तर मात्र सकाळीच. गर्दी सोमवारी आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी जास्त. संध्याकाळी साडेसात ते नऊ ही मला सगळ्यात शांत वेळ वाटते, कारण त्या वेळी घरोघरी पोळ्या लाटणं चालू असतं.

५. नोंदणी: इथे घाई करू नका

खिडकीवर नाव, वय, मोबाइल विचारून नोंद होते. दोनच मिनिटांचं काम, पण पुढचे सगळे घोळ इथेच जन्मतात.

नाव आधारवर आहे तसंच सांगा. सासूबाईंचं आधारवरचं नाव लग्नानंतरचं, गावच्या कागदावर माहेरचं, आणि गल्लीत सगळे त्यांना काकी म्हणतात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या खेपेला दुसरं नाव गेलं आणि रक्ताचा रिपोर्ट 'सापडत नाही' झाला. मोबाइलही शेजाऱ्याचा देऊ नका. निरोप त्यांच्याकडे जातो आणि ते मुलुंडला भाचीच्या बारशाला गेलेले असतात.

आभा क्रमांकाबद्दल विचारतील. तो १४ आकडी आरोग्य क्रमांक आहे, आधारवरून निघतो. असला तर मोठ्या रुग्णालयात क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं, रांग वाचते. नसला तरी उपचार थांबत नाहीत. काढायचा असेल तर दवाखान्यातल्या माणसासमोरच काढा. रांगेत शेजारी उभा राहून "द्या मावशी, मी काढून देतो, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला ओटीपी सांगायचा नाही.

६. डॉक्टरांसमोरची तीन मिनिटं

खरोखर तीनच मिनिटं मिळतात, गर्दी असेल तर त्याहून कमी. म्हणून घरूनच ठरवून जा. त्रास कधीपासून, आधी काय औषध घेतलं, कशाची ॲलर्जी आहे का. एवढं आधी, बाकी नंतर.

म्हाताऱ्या माणसांची एक वेगळीच अडचण असते. घरी चार दिवस "भोवळ येते, पायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो" चालू असतं आणि डॉक्टरांनी "काय होतंय आजी?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही, बरी आहे." डॉक्टर लिहून घेतात: बरी आहे. आता मी आदल्या रात्री त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवते आणि तेच वाचून दाखवते. डॉक्टर हिंदी बोलणारे असतील तर 'भोवळ' आणि 'कसकस' यांचं काय करायचं हेही आधीच ठरवा. मी 'कसकस'ला अजून शब्द शोधते आहे.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं बसू द्या. पायऱ्या चढून आल्या आल्या, चहा पिऊन किंवा लघवी दाबून ठेवून मोजलं तर आकडा वर जातो. पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, बोलणं बंद. एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणून लगेच गोळी वाढत नाही, डॉक्टर पुन्हा बोलावतात. त्या पुन्हाला जायला हवं.

७. औषधाची खिडकी आणि आमची सगळ्यात मोठी चूक

हा भाग नीट वाचा.

दवाखान्यात औषध कंपनीच्या नावाने मिळत नाही, मूळ औषधाच्या नावाने मिळतं. खासगी डॉक्टरने दिलेल्या गोळीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव होतं, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'अॅम्लोडिपिन', म्हणजे बीपीचं औषध. दवाखान्यातल्या स्ट्रिपवर नुसतंच 'अॅम्लोडिपिन'. रंग वेगळा, आकार वेगळा. सासूबाईंना वाटलं, ही नवीन गोळी, ती जुनी. दोन्ही घेत राहिल्या, म्हणजे एकच औषध दुप्पट. पाचव्या दिवशी न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली, नशीब की बादलीला धरून खाली बसल्या.

म्हणून पहिल्या खेपेलाच घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या खिडकीवर ओता आणि विचारा, "यातल्या कोणत्या बंद करायच्या?" बंद म्हटलेल्या तिथल्या तिथे वेगळ्या काढा. घरी 'असू देत, कधी लागतील' म्हणून कपाटात ठेवू नका.

स्ट्रिपवर मिलिग्रॅमचा आकडाही बघा. ५ च्या जागी १० ची गोळी आली आणि "अर्धी घ्या" सांगितलं, तर ते मार्करने स्ट्रिपवर लिहून घ्या. शुगरच्या मेटफॉर्मिन या औषधाच्या काही गोळ्यांवर 'एसआर' लिहिलेलं असतं. ती हळूहळू विरघळणारी गोळी, चावायची किंवा कुटायची नाही. ती जेवणासोबत घेतली तर पोटाची कुरकुर कमी होते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या खिडकीवरची ताई स्ट्रिपवर सूर्य आणि चंद्र काढून देते. तुमच्याकडे कुणी देत नसेल तर स्वतः काढा.

त्रास झाला तर गोळी आपल्या मनाने सोडू नका, जाऊन सांगा. सासूबाईंच्या पावलांना सूज येत होती, त्यांनी तीन आठवडे 'मुंबईचं पाणी बाधलं' म्हणून अंगावर काढली. अॅम्लोडिपिनने काहींना अशी सूज येते. डॉक्टरांनी गोळी बदलली, सूज उतरली. मुंबईचं पाणी निर्दोष सुटलं.

एखादं औषध संपलेलं असतं, हे होतं. तेव्हा "नाही" ऐकून परत फिरू नका. कधी येईल ते विचारा, जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात आहे का ते विचारा. तेही नसेल तर औषधाचं मूळ नाव कागदावर लिहून घेऊन जन औषधी केंद्रात जा, तिथे बाजारापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. पाच दिवसांच्या उरल्या की जायचं. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या धरून हिशोब करा.

८. तपासण्या

उपाशीपोटीची शुगर म्हणजे आठ-दहा तास काही न खाता. पाणी चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. दुसरी, जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी मात्र कधीही देता येते, उपाशी राहावं लागत नाही. रक्त दवाखान्यात घेतात, तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होते. आम्हाला रिपोर्ट बहुतेकदा दुसऱ्या दिवशी मिळतो. तो मोबाइलवर आला तरी छापील प्रत मागून फाइलला लावा.

एक्स-रे, सोनोग्राफी दवाखान्यात होत नाही. डॉक्टर चिठ्ठी देतात, ठरवून दिलेल्या केंद्रात सवलतीच्या दरात होतं. केंद्राचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. बाहेर "चला, माझ्या ओळखीच्या लॅबमध्ये निम्म्यात करून देतो" म्हणणारे भेटतात. निम्मं कशाचं, ते शेवटी कळतं.

९. वर पाठवलं तर

दवाखान्याची चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. मोठ्या रुग्णालयात कोणत्या विभागात, कोणत्या वारी जायचं ते त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण प्रत्येक बाह्यरुग्ण विभागाचे वार ठरलेले असतात. केसपेपरची खिडकी सकाळीच असते, सुट्टे पैसे ठेवा. राजावाडीला विद्याविहार स्टेशन जवळ, केईएमला परळ, सायनला सायनच.

दाखल करून शस्त्रक्रिया वगैरे लागणार असेल तर रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं, म्हणजे सरकारी खर्चाने उपचार मिळण्याच्या योजनेचं, काम ते बघतात. रेशनकार्ड आणि आधार इथे लागतं. पैसे भरण्याच्या आधी त्यांना भेटायचं, नंतर नाही.

१०. मुंबईतले खास प्रसंग

कुत्रं चावलं किंवा नख लागून रक्त आलं: आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मग त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरतात, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. लस दंडाच्या स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशीही. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं औषध टोचावं लागतं, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. गावी जायचंय म्हणून मधला डोस चुकवू नका, कार्ड घेऊन गावच्या केंद्रात घ्या.

तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात: उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. ७२ तासांच्या आत दवाखान्यात सांगा, डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. पायाला जखम होती का, कितीदा पाण्यात उतरलात, हे सांगा. गरोदर बायका आणि लहान मुलांना वेगळं औषध देतात, म्हणून नवऱ्याच्या गोळ्या बायकोला द्यायच्या नाहीत. जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवे होऊ नका.

पावसाळ्यातला ताप: दुकानातून गोळी आणून तीन दिवस काढू नका. मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. डेंग्यूची शंका असेपर्यंत अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

दोन आठवड्यांवरचा खोकला: टीबीसाठी थुंकीची तपासणी. लाजण्यासारखं यात काही नाही, आमच्या चाळीत तिघांना टीबी होऊन बरा झालेला आहे. औषधं पूर्ण मोफत, शिवाय निक्षय पोषण योजनेत दरमहा १,००० रुपये बँकेत येतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). खातं आधारला जोडलेलं हवं.

११. गावी जाताना

गणपती आले की आमच्या सासूबाई पंधरा दिवसांचं सांगून दीड महिना गावी राहतात. दवाखाना एका वेळी साधारण महिन्याच्याच गोळ्या देतो. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून बीपी-शुगर मोजून घ्यायची, गोळ्यांची मूळ नावं आणि मिलिग्रॅम एका वेगळ्या कागदावर लिहून सही-शिक्का मागायचा, आणि तो कागद गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचा. फाइल मुंबईतच ठेवा, तिचे मोबाइलवर फोटो काढून घ्या. गोळ्या डिकीतल्या बॅगेत टाकू नका. कोकणात जाणाऱ्या गाडीला चौदा तासही लागतात आणि रात्रीची गोळी वडखळच्या ट्रॅफिकमध्येच घ्यावी लागते.